नायनांचं मत

नायना,

तुमच्याशी मराठीत बोलायची मला सवय नाही. घरात आपण तेलुगूत बोलायचो आणि तेलुगूत मी तुम्हाला एकेरीच हाक मारायचो, गल्लीतली सगळीच पोरं आपापल्या बापाला मारायची तशी. पण शाळा मला मराठी मिळाली, त्यामुळे कागदावर मराठीच उतरते, आणि मराठीत बापाला अरे-तुरे लिहायला हात धजत नाही. म्हणून तुम्ही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मीच तुमच्यापेक्षा म्हातारा आहे. तरी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. म्युनिसिपालिटीच्या निवडणुकीच्या दिवशी, शाळेच्या त्या खोलीत, माझ्यासमोर उभं राहून तुम्ही जे नाव घेतलंत ते का घेतलंत? मी वकिलाच्या कचेरीत कारकुनी केली, मग पेठेची मेंबरकी केली, भावाभावांची, सासवासुनांची भांडणं मिटवली. कोण कशापायी काय करतो हे मला बरोबर कळतं, असं लोक समजतात. तुमचं तेवढं मला कळलेलं नाही. सगळं पहिल्यापासून लिहून काढलं तर मधे कुठेतरी दिसेल, असं वाटलं म्हणून बसलोय.

पहिल्यापासून म्हणजे नेमकं कुठून, हेही कळत नाही. शहरावर लष्करी अंमल आला तेव्हापासून धरतो. डोक्यावर पांढरी टोपी दिसली की माणूस धरून नेत होते ते दिवस. मी कचेरीतून घरी येतोय, टोपी डोक्यावरच आहे, आणि का कोण जाणे, काढावीशी वाटत नाहीय. तुम्ही मागावर बसला आहात, पाय खड्ड्यात. मला बघताच तुम्ही धोटा टाकून उठता, माझ्या डोक्यावरची टोपी काढता आणि मागाच्या खड्ड्यात टाकून पुन्हा तिच्यावर पाय ठेवून बसता. मी ओरडलो, “ही काय भीती म्हणायची का काय?” तुम्ही म्हणालात, “भीतीच म्हणायची.” दिवसभर तुम्ही त्या टोपीवर पाय ठेवून विणलंत. पंधरा दिवसांनी ती टोपी धुऊन, निळीत घालून, घडी करून माझ्या उशाशी ठेवलेली होती. वहिनीला विचारलं तर ती म्हणाली, “मी नाही धुतली. मामंजींनी धुतली.” तेव्हाही मला कळलं नव्हतं की तुमचं म्हणणं काय आहे.

निवडणुकीचं मी तुम्हाला सांगितलं ते त्यानंतर दोनेक वर्षांनी. माझं लग्न झालेलं होतं. आमच्या वकीलसाहेबांनी आणि गल्लीतल्या चार शिकलेल्या पोरांनी गळ घातली, की पूर्व भागातल्या विणकरांच्या वस्तीतून विणकराचाच शिकलेला मुलगा उभा राहिला पाहिजे. मला ते पटलं. कारण एकच होतं, पाणी. अख्ख्या गल्लीला मिळून एक आड, त्याच्या कडेनं रंगाच्या भट्ट्यांचं सांडपाणी वाहायचं, कधी तांबडं, कधी निळं. आपली धाकटी, माझी बहीण, कॉलऱ्यानं गेली ती उन्हाळ्यातच. आडाच्या पाण्यानं गेली असं डॉक्टर म्हणाला, देवीच्या कोपानं गेली असं गल्ली म्हणाली, तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. मी मात्र डॉक्टरचं म्हणणं मनात धरून ठेवलं होतं.

“उभं कशाला राहायचं?” तुम्ही विचारलंत. हात चालूच होते.

“नळासाठी. गल्लीत नळ आणायचा.”

“नळ आणायला मेंबर व्हावं लागतं?”

“दुसरं कोण आणणार?”

“मालकांना सांगू की.”

“मालकांना सांगता सांगता माझ्या मिशा आल्या, नायना.”

तेव्हा धोटा थांबला. “म्हणजे तू मालकांच्या विरुद्ध उभा राहणार.”

“विरुद्ध नाही. त्यांच्या जागेसाठी.”

“जागा त्यांची आहे, हे तुलाही मान्य आहे तर,” असं म्हणून तुम्ही पुन्हा विणायला लागलात.

मालक म्हणजे रंगाच्या कारखान्याचे मालक. पेठेत कितीतरी मालक होते, पण नुसतं मालक म्हटलं की तेच. कानडी मुलखातून आलेले, तालमीत कमावलेलं अंग, कानात भिकबाळी, बोलणं अर्धं कानडी, अर्धं मराठी. कितीतरी वर्षं आपल्या वॉर्डाचे मेंबर तेच होते, कारण त्यांच्यासमोर कुणी उभंच राहत नसे. माणूस वाईट होता असं मी तेव्हाही म्हणालो नव्हतो. मानमोडीच्या साथीत आई, आपली अव्वा, गेली तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. गल्लीत घराघरात माणसं आडवी पडलेली, खांदा द्यायला चार माणसं मिळेनात. थोरला भाऊ तापात, तुम्ही एकटे दारात उभे. मालक आले, पायातले जोडे काढले, आणि पुढचा खांदा त्यांनी दिला. जातीचे नव्हते, भाषेचे नव्हते. नदीच्या वाटेवर त्यांनी एकदाही खांदा बदलला नाही, हे मी मागून चालताना बघत होतो. हे मी विसरलो होतो असं नाही, नायना. पण अव्वाला खांदा दिला म्हणून धाकटी गेली त्या आडाचं पाणी जन्मभर प्यायचं का, हे मला त्या वयात समजत नव्हतं. खरं सांगायचं तर आजही समजत नाही.

त्या वेळी मत सगळ्यांना नव्हतं. ज्याच्या नावावर घरपट्टी, किंवा जो ठरावीक भाडं भरतो, त्याचंच नाव यादीत. आपल्या घराची पट्टी तुमच्या नावावर होती, म्हणून घरात मत एकट्या तुम्हाला. मला उभं राहायचं तर माझं नाव यादीत यायला हवं, आणि त्यासाठी मला वेगळ्या खोल्या भाड्यानं घ्याव्या लागणार होत्या. हे मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही ऐकलंत आणि म्हणालात, “कागदासाठी घर सोडायचं.” विचारलंत, की नुसतं म्हणालात, ते स्वरावरून कळलं नाही. दुसऱ्या दिवशी ट्रंक उचलायला मात्र तुम्हीच पुढे आलात. दोन गल्ल्या सोडून घेतलेल्या खोल्यांपर्यंत तुम्ही ती डोक्यावरून नेलीत, मला हात लावू दिला नाहीत, आणि खोलीत टेकवल्यावर माझ्या बायकोला म्हणालात, “चूल उगवतीकडं मांड, धूर बाहेर जाईल.” चहा न घेता गेलात. त्या जाण्यात राग होता का? मी दारातून बघत होतो. तुमची पाठ नेहमीसारखीच होती, मागावर बसून वाकलेली.

अर्ज भरायच्या दिवशी सकाळी तुम्ही खोलीवर आलात. हातात उपरणं होतं. पांढरं, बारीक तांबड्या काठाचं, घडीला अजून खळीचा वास. आपल्या मागावर रंगीत लुगडी निघायची, पांढरं काही निघायचंच नाही. म्हणजे माझ्या त्या एका उपरण्यासाठी तुम्ही मुद्दाम ताणा लावला होता. थोरला नंतर सांगत होता, दोन दिवस लुगड्याचं काम बंद ठेवलं म्हणून. तुम्ही ते माझ्या खांद्यावर टाकलंत, एका बाजूनं थोडं ओढून सारखं केलंत, मागे सरून बघितलंत. “आता मेंबर दिसतोस,” म्हणालात. मी पाया पडलो. ज्या माणसाला मला मत द्यायचं नाही तो असं उपरणं विणेल का? आणि विणताना ठरलेलं नव्हतं, नंतर ठरलं, असं धरलं तर मग मधल्या दिवसांत काय झालं?

मधल्या दिवसांत मी भाषण केलं. सगळ्यांत जास्त मी त्या भाषणाबद्दल विचार केलाय. तालमीसमोरच्या पटांगणात संध्याकाळी सभा होती. गुलाबी कागदावर छापलेली हँडबिलं वाटली होती, दोन टांगे घंटा वाजवत पेठेतून फिरले होते. मी आधी नळाबद्दल बोललो, गटाराबद्दल बोललो, लोक जांभया देत ऐकत होते. मग मला सुचलं. मी म्हणालो, “आपले मेंबर बजेटच्या सभेला जातात. बजेट छापील असतं. ज्यांना छापलेलं आपलं स्वतःचं नाव वाचता येत नाही ते तुमच्या गल्लीचा नळ त्यात कुठं शोधणार? सही करतात म्हणे. अहो, ती सही आहे का? ती रांगोळी आहे! ठिपके मोजून काढलेली!” असा हशा पिकला की मलाच थांबावं लागलं. कुणी शिट्टी मारली, कुणी टोपी उडवली. निवडणूक मी त्या क्षणी जिंकली, असं वकीलसाहेब पुढे नेहमी सांगायचे.

तुम्ही तिथं होतात. तालमीच्या पायरीवर, दोघातिघा म्हाताऱ्यांबरोबर, विडी ओढत. तुम्हाला रांगोळीसारखीही सही येत नव्हती. कुठल्याही कागदावर तुमचा अंगठा असायचा. मला बोलताना हे आठवलं नाही. मालकांचाच चेहरा समोर होता, तुमचा नव्हता. हशा पिकल्यावर माझी नजर तुमच्याकडे गेली. तुम्ही हसत होतात का? इतक्या वर्षांत तो चेहरा मी इतक्या वेळा आठवलाय की आता तो माझ्या मर्जीप्रमाणे बदलतो. कधी तुम्ही इतरांसारखे हसताय, कधी नुसता विडीचा धूर सोडताय. एकदा तर मला वाटलं की तुम्ही तिथं नव्हतातच. पण होतात, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी भाकरी खायला आलो तेव्हा तुम्ही म्हणालात, “आवाज शेवटपर्यंत आला. चांगलं बोललास.”

मी खूश झालो. वहिनीनं शेंगाचटणी वाढली. थोड्या वेळानं तुम्ही विचारलंत, “ते रांगोळीचं तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. मलाच सुचलं.”

“हं,” तुम्ही म्हणालात. मग भाकरीचा तुकडा मोडून म्हणालात, “मालकांची आई रांगोळी लई चांगली काढायची.” हे एवढं वाक्य तुम्ही मराठीत बोललात. घरात, माझ्याशी, मराठीत. तुम्ही रागावला होतात का? रागावला असता तर बोलला असतात. माझ्या कानाखाली आवाज काढायला तुम्ही कधी मागेपुढे पाहिलं नव्हतं. की लेक उमेदवार झाल्यावर बापानं त्याला रागवायचं नसतं असं तुम्ही ठरवलं होतं? मी हात धुतला आणि प्रचाराला गेलो.

मतदानाचं केंद्र आपल्याच शाळेत होतं, मी जिथं बाराखडी शिकलो त्या खोलीत. टेबलामागे साहेब म्हणून एक मामलेदार कचेरीतला अव्वल कारकून, शेजारी यादीवाला, आणि भिंतीला लावून आम्हा दोन्ही उमेदवारांना बसायला बाक. मालक येऊन बसले, मला म्हणाले, “बस की तम्मा, जागा हाय.” कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं तम्मा. भाषणाबद्दल चकार शब्द नाही. मला बाकावर बसून घाम येत होता. ज्यांना लिहिता येत होतं ते कागदावर फुली मारून पेटीत टाकत. ज्यांना येत नव्हतं ते टेबलाशी जाऊन साहेबाच्या कानाशी नाव सांगत आणि साहेब फुली मारत. नाव हळू सांगायचं असायचं. लोक हळू सांगत, पण मान कुणाकडे हलते ते दिसायचंच. दुपारी मालक जेवायला म्हणून उठून गेले. तेवढ्यात तुम्ही आलात.

तुम्ही धुवट धोतर नेसला होतात, डोक्याला तांबडा पटका, अव्वाच्या वेळचा. तुम्हाला बघून मी बाकावरून उठलो. तुम्ही हातानं बस म्हणालात. यादीवाल्यानं नाव शोधलं. साहेबानं विचारलं, “कुणाला देणार?” आणि तुम्ही नाव घेतलंत. हळू नाही. जन्मभर चार मागांच्या खडखडाटात बोलायची सवय, तुम्हाला हळू बोलता येतच नव्हतं. तुम्ही मालकांचं नाव घेतलंत. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, आडनावासकट. साहेबाला मी तुमचा मुलगा हे माहीत होतं, सकाळीच ओळख झाली होती. त्याला वाटलं म्हातारा गोंधळला.

“आजोबा, नीट सांगा. दोन नावं हायत. तुमच्या मुलाचं नाव...”

“मुलाचं नाव मला ठाऊक हाय, साहेब. मीच ठिवलंय,” तुम्ही म्हणालात. “मी सांगतो त्याच्यावर फुली करा.”

साहेबानं माझ्याकडे बघितलं, मी खाली बघितलं. त्यानं फुली मारली. कागद पेटीत पडला. जाताना तुम्ही माझ्यापाशी थांबलात, माझ्या खांद्यावरचं उपरणं घसरलं होतं ते वर सरकवलंत, आणि तेलुगूत विचारलंत, “जेवलास का, बिड्डा?” मी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते मलाच माहीत नाही. तुम्ही गेलात. पायरी उतरताना तुम्ही खोकलात तेवढं आठवतं. मालक जेवून परत आले, ढेकर देऊन बाकावर बसले, आणि संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं मांडीला मांडी लावून बसून होतो.

मी निवडून आलो. थोड्याथोडक्या नाही, चांगल्या मतांनी. तुमच्या एका मतानं काही बिघडलं नाही, आणि हेच मला जास्त खुपतं. मी पडलो असतो तर निदान रागावता आलं असतं. मिरवणूक आपल्या गल्लीत आली तेव्हा तुम्ही दारात परात घेऊन उभे होतात, गूळ-खोबऱ्यानं भरलेली, येईल त्याच्या हातावर ठेवत होतात. “माझा लेक मेंबर झाला,” मराठीत सांगत होतात, तेलुगूत सांगत होतात, आणि तो पलीकडच्या गल्लीतला टांगेवाला आला त्याला तुमच्या मोडक्या हिंदीत सांगितलंत. लोक तुम्हाला गुलाल लावत होते. मी समोर आलो. आता तुम्ही काहीतरी म्हणाल, डोळ्यानं तरी सांगाल, असं मला वाटलं. तुम्ही माझ्या तोंडात गुळाचा खडा घातलात आणि म्हणालात, “उपरणं आजच्या आज पाण्यात टाक. गुलाल बसला तर निघणार नाही.”

त्या दिवसापासून मी हे कुणाशी बोललो नाही. बायकोशीसुद्धा नाही. साहेब आणि यादीवाला दोघंही बाहेरचे, त्यांनी कुठं वाच्यता केली असेल तर माझ्या कानावर आली नाही. मेंबर म्हणून मी काय केलं ते तुम्ही बघितलंत. नळ यायला दीड वर्ष गेलं. आला त्या सकाळी बायकांनी तोटीला हळदकुंकू वाहिलं. तुम्ही ओंजळभर पाणी प्यायलात, म्हणालात, “गार नाही,” आणि मागावर जाऊन बसलात. भट्ट्या वस्तीबाहेर न्यायचा ठराव मात्र मी आणला नाही. भाषणात म्हणालो होतो, हँडबिलात छापलं होतं, तरी आणला नाही. आपल्या परसातही सूत रंगवायचा हंडा होता, आणि मालकांची भट्टी हलली असती तर तुमचाही हंडा हलला असता. तुम्ही मला त्याबद्दल एका शब्दानं सांगितलं नव्हतंत. मी आपणहूनच थांबलो, आणि कुणामुळे थांबलो हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. तुमच्यामुळे, की त्या बाकावर मालकांनी मला जागा दिली म्हणून.

एकदा मी तुम्हाला विचारलं होतं. थंडीत मालकांनी आपल्या शेतावर हुरड्याला बोलावलं होतं, कुंभारीच्या वाटेवर त्यांचं रान होतं. निवडणुकीनंतरही तुमचं त्यांच्याकडे जाणं-येणं सुटलं नव्हतं. मलाही बोलावलं, मी आलो. मालकांनी स्वतः कणसं भाजून चोळून तुमच्या हातावर गरम गरम हुरडा दिला, माझ्याही दिला. पोटभर खाऊन आपण दोघं बैलगाडीतून परत निघालो. ऊन कलत होतं, दोन्ही बाजूंना ज्वारी उभी. गाडीवान पुढे, त्याला तेलुगू कळत नव्हतं. मला वाटलं, आता विचारावं.

“नायना, त्या दिवशी शाळेत तुम्ही...”

तुम्ही लगेच माझ्याकडे बघितलंत, म्हणजे तुम्हाला कळलं होतं मी कशाबद्दल बोलतोय.

“तू निवडून आलास ना?” तुम्ही म्हणालात.

“आलो.”

“मग?”

त्या ‘मग’वर मी अडकलो. मग काय? मी निवडून येणारच हे तुम्हाला ठाऊक होतं, म्हणून तुमचं मत मोकळं होतं, असं? की निवडून आलास तरी तुला बापाचं एक मत हवंच आहे का, असं? मी पुढे विचारायला तोंड उघडलं तोवर तुम्ही धोतराच्या सोग्यात बांधून आणलेला हुरडा सोडून माझ्यापुढे धरला होतात. मी खात राहिलो. तुम्ही ज्वारी बघत राहिलात. “औंदा कणीस भरलंय,” तुम्ही गाडीवानाला म्हणालात, आणि पुढची सगळी वाट तुम्ही दोघं पिकाबद्दल बोलत होतात.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. मागावरच मान टाकलीत, थोरल्यानं हाक मारली तर ओ नाही. मालक आले. म्हातारे झाले होते, पायऱ्या चढताना हात धरावा लागला. खांदा द्यायचं वय त्यांचं राहिलं नव्हतं, तरी दारातून गल्लीच्या तोंडापर्यंत त्यांनी हट्टानं दिला. दहाव्यानंतर ते एकदा माझ्या खोलीवर आले, बसले, पान लावलं. मग म्हणाले, “तम्मा, तुझा बाप लई सरळ माणूस. त्या विलेक्शनच्या सांजंला माझ्याकडं आला. मी पडलो हुतो, दारात कुत्रं न्हवतं. हा एकटा आला, हात जोडून हुबा राहिला. म्हनला, मालक, माफ करा. पोटचं पोर हाय, हात वळला न्हाई तुमच्याकडं.”

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, “काय म्हणाले?”

“म्हनला, मी मत पोराला दिलं. तुमी अव्वाला खांदा दिला आन् मी तुमाला मत दिलं न्हाई. म्हनून माफी मागाया आलो.” मालकांचे डोळे भरून आले होते. “मी म्हनलो, अरं येड्या, बापानं पोराला द्यायचं न्हाई तर कुनाला? म्या त्याला पान दिलं. पान खाऊन गेला.”

नायना, तुम्ही मला ऐकू जाईल असं मालकांचं नाव घेतलंत आणि मालकांना जाऊन सांगितलंत की मत मला दिलं. मी मालकांच्या तोंडाकडे बघत बसलो. त्यांना खरं सांगावं असं वाटलं, “मालक, त्यांचं मत तुम्हालाच मिळालं होतं, मी माझ्या कानानं ऐकलंय.” ओठावर आलं होतं. पण मग तुम्ही त्यांच्याशी खोटं बोललात असं झालं असतं, आणि दहावा होऊन आठवडाही झाला नव्हता. मी त्यांना हात धरून गल्लीच्या तोंडापर्यंत सोडलं. पुढे दोन वर्षांनी मालक गेले ते तेच धरून गेले, की त्यांच्या एका मित्रानं त्यांना मत दिलं नाही पण माफी मागितली.

तुम्ही असं का केलंत, याची मी किती उत्तरं काढली. अव्वाच्या खांद्याची जाण म्हणून मत त्यांना दिलं म्हणावं, तर त्यांना सांगून जाण पुरी करायची सोडून उलटं का सांगितलं? माझ्या रांगोळीच्या बोलण्याची शिक्षा म्हणावी, तर ते गूळ-खोबरं कशाचं, आणि जेवलास का असं तसल्या वेळी कोण विचारतं? घर सोडलं त्याचा राग म्हणावा, तर तुम्ही ट्रंक का उचललीत? एकदा वाटतं, आम्हा दोघांनाही तुम्ही एक एक गोष्ट दिलीत, ज्याला जे पचेल ते. लगेच वाटतं, हे मी आत्ता, म्हातारपणी, वकिलाच्या कचेरीतल्या डोक्यानं जुळवतोय. तुम्ही इतका विचार केला नसेल. तुम्हाला आत शिरल्यावर ते नाव आलं, आणि संध्याकाळी मालकांच्या दारात एकट्या माणसाला बघून दुसरं काही आलं. किंवा खरंच साहेबानं ऐकलं तसं तुम्ही म्हणाला नसाल... पण नाही, मी ऐकलंय. मीच ठिवलंय, असं तुम्ही म्हणालात ते अजून कानात आहे. लिहून काढलं तरी काही दिसलं नाही. जितकं लिहिलं तितका गुंता वाढला.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, आणि धाडायचं तर कुठं धाडणार. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे, ती मुलांनाही माहीत नाही. येत्या रविवारी पेठेतल्या वाचनालयात माझा सत्कार ठेवलाय. असे सत्कार याआधीही झाले. दर वेळी कुणीतरी विचारतं, पहिल्या निवडणुकीची एखादी आठवण सांगा. आणि दर वेळी मी उभा राहून सांगतो, की भर दुपारी माझा अशिक्षित बाप तांबडा पटका बांधून शाळेत आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं माझं नाव घेतलं. लोक टाळ्या वाजवतात, काही बायका डोळे पुसतात. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा घाम फुटला होता. आता फुटत नाही. रविवारी विचारतील तेव्हा मी पुन्हा तेच सांगणार आहे, नायना.